एकाच सिनेमाला ९.१, ६२ टक्के आणि अडीच तारे : खोटं कोण बोलतंय?

समजा, शुक्रवारी एक सिनेमा लागला. शनिवार दुपारपर्यंत तिकिटाच्या ॲपवर त्याला दहापैकी ९.१ पडलेत, वर्तमानपत्रात अडीच तारे आहेत, एका परदेशी संकेतस्थळावर ६२ टक्के आहेत आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा निकाल लागलाय : "पैसे फुकट गेले. ओटीटीवर येईल तेव्हा बघा." आता रात्रीच्या शोला चौघांनी जायचं की नाही? तिकिटं, पॉपकॉर्न, पार्किंग धरलं तर हा दीड-दोन हजारांचा प्रश्न आहे.

अशा वेळी पहिला संशय येतो तो पैसे चारल्याचा. कधीकधी तो खराही असतो, त्याच्याकडे पुढे येऊ. पण पैशाचा संबंध नसतानाही हे चार निकाल चार दिशांना जाऊ शकतात आणि चारही प्रामाणिक असू शकतात. कारण प्रत्येकाला विचारलेला प्रश्न वेगळा, उत्तर देणारी माणसं वेगळी आणि बेरीज करायची रीतही वेगळी. आपण मात्र चारही आकड्यांना 'रेटिंग' हे एकच नाव देऊन मोकळे होतो.

तारे : एका माणसाचं मत

सगळ्यात जुनी पद्धत ताऱ्यांची. न्यूयॉर्कच्या डेली न्यूज या दैनिकात आयरीन थायरर या समीक्षक लिहीत. ३१ जुलै १९२८ च्या अंकात त्यांनी सिनेमाला तारे दिले आणि तिथून ही पद्धत सुरू झाल्याचं मानलं जातं. तेव्हा जास्तीत जास्त तारे तीनच होते. आपल्याकडे पाच असतात, शिवाय अर्धा तारा सोयीला असतोच. प्रत्यक्षात वापर दोन ते चार एवढ्याच पट्ट्यात होतो. अडीच तारे म्हणजे 'मला कुणाशी भांडायचं नाही' असं समीक्षकाने सभ्य भाषेत सांगणं, असं माझं वाचनावरून झालेलं मत आहे.

ताऱ्यांची एक बाजू मात्र भक्कम आहे. त्यांच्याखाली नाव असतं. हा समीक्षक विनोदी सिनेमाला हात आखडता घेतो, तो युद्धपटांवर खूश होतो, हे चार-सहा महिन्यांत आपल्याला कळतं आणि आपण त्याप्रमाणे मनातल्या मनात अर्धा तारा कमी-जास्त करतो. पुढच्या आकड्यांत ही सोय नाही.

टक्के म्हणजे गुण नव्हेत

सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. दहावीच्या निकालाची सवय असल्यामुळे ९५ टक्के दिसले की आपण 'बोर्डात आलेला' सिनेमा समजतो.

रॉटन टोमॅटोज हे संकेतस्थळ १९९८ साली सेन्ह दुओंग या तरुणाने सुरू केलं. जॅकी चॅनचा चाहता असलेल्या या पोराला त्याच्या सिनेमांवरची सगळी परीक्षणं एका जागी हवी होती. त्यातून जी पद्धत रुळली ती अशी : प्रत्येक समीक्षकाच्या परीक्षणाची नोंद 'आवडला' किंवा 'नाही आवडला' एवढीच करायची. मग शंभरातल्या किती जणांना आवडला ते टक्क्यांत सांगायचं. ६० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ताजा टोमॅटो, कमी असेल तर सडका. किती आवडला, हा प्रश्न त्यात येतच नाही.

एक गणित करून बघा. 'अ' सिनेमा दहा समीक्षकांनी पाहिला आणि दहाही जण म्हणाले, "ठीक आहे, बघायला हरकत नाही." प्रत्येकाने मनात दहापैकी ६ दिले. टोमॅटोच्या मीटरवर येणार १०० टक्के, सरासरी मात्र ६. 'ब' सिनेमा सहा जणांना इतका आवडला की त्यांनी १० दिले, उरलेले चौघे वैतागून ३ देऊन आले. मीटरवर ६० टक्के, म्हणजे जेमतेम ताजा, पण सरासरी ७.२. कुणालाही न खटकणारा, नाकासमोर चालणारा सिनेमा या मीटरवर नेहमी फायद्यात राहतो. धाडस करणारा, लोकांत भांडण लावणारा सिनेमा मार खातो.

त्याच संकेतस्थळावर प्रेक्षकांचाही वेगळा टक्का असतो. तिथे पाचपैकी साडेतीन किंवा जास्त तारे दिलेत तरच तुमची नोंद 'आवडला' म्हणून होते. आपल्याकडे पाचपैकी तीन म्हणजे 'बरा आहे, एकदा बघ'. तुम्ही मोठ्या मनाने दिलेले तीन तारे तिथे नापसंतीच्या पारड्यात जाऊन पडतात.

मेटाक्रिटिक हे दुसरं संकेतस्थळ समीक्षकांच्या गुणांची शंभरपैकी सरासरी काढतं आणि काही समीक्षकांच्या मताला जास्त वजन देतं. त्यामुळे एकाच सिनेमाला एकीकडे ९३ आणि दुसरीकडे ७१ दिसले तर कुणी लबाडी केली असं समजायचं कारण नाही. पहिला आकडा किती लोकांना आवडला ते सांगतो, दुसरा साधारण किती आवडला ते.

मराठी सिनेमाला या दोन्हींचा उपयोग फारसा होत नाही. रॉटन टोमॅटोजचा मीटर लागायला निदान काही ठरावीक परीक्षणं नोंदवलेली लागतात आणि बहुतेक मराठी चित्रपट तिथवर पोचतच नाहीत. आपल्या प्रेक्षकांसमोर खरे आकडे दोनच : तिकिटाचं ॲप बुकमायशो आणि सिनेमांच्या माहितीचं संकेतस्थळ आयएमडीबी.

सरासरीवर भरवसा का ठेवत नाहीत

क्रिकेटच्या चाहत्यांना एक जुना कूटप्रश्न माहीत असेल. कसोटीत डॉन ब्रॅडमनची सरासरी ९९.९४. मग त्याहून जास्त सरासरी असलेला फलंदाज कोण? एक उत्तर आहे वेस्ट इंडीजचे अँडी गँटॉम. १९४८ साली ते आयुष्यातली एकमेव कसोटी खेळले, एकाच डावात फलंदाजी केली आणि ११२ धावा काढल्या. सरासरी ११२. गणित बिनचूक आहे. पण म्हणून गँटॉमना ब्रॅडमनच्या वर कुणी बसवत नाही, कारण एका डावावरून आपण इतका मोठा निकाल देत नसतो.

आयएमडीबीलाही हाच पेच सोडवायचा होता. इंग्लंडमधल्या कॉल नीडहॅम यांनी १९९० मध्ये सिनेवेड्यांच्या याद्या एकत्र करून ही माहितीची वखार सुरू केली, १९९८ मध्ये ती ॲमेझॉनने विकत घेतली. इथे कुणीही खातेदार १ ते १० गुण देऊ शकतो. पण समोर दिसतो तो आकडा साधी सरासरी नसतो. तो असतो भारित सरासरी, म्हणजे प्रत्येक मताला सारखं वजन न देता काढलेली सरासरी. कुणाच्या मताला किती वजन, हे आयएमडीबी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर दुसऱ्या दिवशी त्यावर उपाय शोधणारे तयार होतील.

त्यांच्या सर्वोत्तम २५० चित्रपटांच्या यादीसाठीचं सूत्र मात्र त्यांनी पूर्वी जाहीर केलेलं आहे आणि ते समजायला अवघड नाही. यादीत यायला २५,००० मतं लागतात. सूत्र असं धरतं की प्रत्येक सिनेमाला सुरुवातीलाच २५,००० 'मध्यम' मतं मिळालेली आहेत. मध्यम म्हणजे सगळ्या सिनेमांची जी सरासरी असेल ती, हिशोबापुरती ७ धरू. आता एका सिनेमाला २५,००० मतांतून ९.२ मिळाले. त्यात २५,००० मध्यम मतं मिसळली की आकडा उतरतो ८.१ वर. दुसऱ्याला दोन लाख मतांतून ८.४ मिळाले. त्यात तेवढीच मध्यम मतं मिसळली तर तो राहतो सुमारे ८.२ वर. ९.२ वाला खाली आणि ८.४ वाला वर! वरवर अन्याय वाटेल, पण गँटॉम आणि ब्रॅडमनचा निकाल आपण याच न्यायाने लावतो.

लहान सिनेमाचं दुखणं याच्या उलट बाजूला आहे. समजा, एका मराठी चित्रपटाला ४०० मतं आहेत आणि साधी सरासरी ७. निर्माता, कलाकार, तंत्रज्ञ यांच्या नातेवाइकांनी आणि मित्रमंडळींनी २०० वेळा दहापैकी १० दिले, की सरासरी सरळ ८ होते. यात कुणी पैसे दिलेले नाहीत. मामेभावाने प्रेमाने अंगठा दाबलाय. हेच २०० अंगठे दोन लाख मतांच्या सिनेमावर दाबले तर आकडा दशांशाच्या दुसऱ्या घरातही नीट हलणार नाही. म्हणून रेटिंगशेजारी बारीक अक्षरात मतांची संख्या असते, ती आधी वाचायची.

शितं स्वतःहून वर येतात

शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण ती कधी? शीत आपण उचललं तर. पातेल्यात डाव घालून मधलं शीत काढतो, म्हणून ते सगळ्या भाताबद्दल बोलतं. ऑनलाइन रेटिंगमध्ये शितं स्वतःहून वर येतात. सिनेमा जिवाभावाचा वाटला तो येतो, ज्याचं डोकं फिरलं तोही येतो. ज्याला 'बरा होता' वाटलं, तो गाडी काढून घरी जातो, जेवतो आणि झोपतो. पातेल्यात सगळ्यात जास्त शितं त्याचीच असतात.

ऑनलाइन मतांचा अभ्यास करणाऱ्यांना हे आलेखात स्पष्ट दिसतं. दहाच्या खांबाची उंची सगळ्यात जास्त, एकचा खांबही बऱ्यापैकी, मध्ये खड्डा. म्हणजे सरासरी ७ असलेल्या सिनेमाला प्रत्यक्ष ७ देणारे फार थोडे असू शकतात.

त्यात पहिल्या दिवशी जातं कोण, हेही बघा. सकाळी सहा-सातच्या शोला ढोल घेऊन जाणारे लोक सिनेमा आवडायचा हे ठरवूनच जातात. अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची कंपनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांना थिएटरच्या दारातच कार्ड देऊन मत विचारते आणि 'ए प्लस' ते 'एफ' अशी श्रेणी लावते. ही पद्धत निदान शीत उचलण्याची आहे. तरीही तिथे 'सी' मिळाला तर धंद्यातले लोक सिनेमा पडला असंच धरतात. पहिल्या रात्री आलेले लोक मुळातच आवडून घ्यायला आलेले असतात, त्यांनीही हात वर केले म्हटल्यावर उरलं काय?

तिकिटाच्या ॲपवरचा ९.१ याच जातीचा. शनिवार दुपारपर्यंत मत दिलेले बहुतेक लोक आगाऊ तिकीट काढून गेलेले असतात. तो आकडा खोटा नाही. तो चाहत्यांचा आकडा आहे.

झुंड येते तेव्हा

आतापर्यंतचे सगळे प्रेक्षक सिनेमा पाहून बोलत होते. न पाहताच ठरवून, टोळीने एक गुण देऊन सिनेमा पाडायचा, याला 'रिव्ह्यू बॉम्बिंग' म्हणतात. आपल्याकडचं ठळक उदाहरण ऑगस्ट २०२० मधलं. 'सडक २' चा ट्रेलर यूट्यूबवर आला आणि त्याला एक कोटीहून अधिक नापसंत्या पडल्या. सिनेमा यायचा होता, राग मात्र आधीच आला होता आणि त्याची कारणं पडद्याबाहेरची होती. नंतर आयएमडीबीवरही तो तळाला, एकच्या आसपास जाऊन बसला. सिनेमा वाईट असू शकतो. पण आजवरच्या सगळ्या सिनेमांच्या तळाला जाण्याइतका वाईट तो कुणी मन लावून पाहिला असेल का, मला शंका आहे.

झुंड वरच्या दिशेनेही ढकलते. मार्च २०२२ मध्ये 'द काश्मीर फाइल्स' ला आयएमडीबीवर बहुसंख्य मतं थेट १० ची पडली आणि उरलेल्यांतली बरीचशी १ ची. मधलं अंगण रिकामं. आयएमडीबीने 'मतदानात नेहमीपेक्षा वेगळी हालचाल दिसते, म्हणून वेगळं वजन लावलं आहे' अशी सूचना लावली आणि आकडा ८.३ दिसू लागला. दिग्दर्शकांनी त्यावर जाहीर नाराजीही दाखवली. त्या सिनेमाबद्दल तुमचं मत काहीही असो, एवढं लक्षात घ्या की ८.३ हा आकडा तिथे 'प्रेक्षकांना साधारण ८.३ एवढा आवडला' असं सांगत नव्हता. तो दोन छावण्यांमध्ये गणिताने टाकलेला तोडगा होता.

रॉटन टोमॅटोजला हाच अनुभव 'कॅप्टन मार्व्हल' च्या वेळी आला. मार्च २०१९ मध्ये सिनेमा येण्याआधीच लोक 'बघायची इच्छा नाही' म्हणून तुटून पडले होते. संकेतस्थळाने प्रदर्शनाआधीच्या प्रतिक्रिया बंद केल्या आणि त्याच वर्षी तिकीट काढल्याचा पुरावा असलेल्या प्रेक्षकांचा टक्का वेगळा दाखवायला सुरुवात केली. उपाय चांगला आहे, पण अर्धाच. तिकीट काढून रागावणाऱ्यांना आणि तिकीट काढून आरती ओवाळणाऱ्यांना तो अडवत नाही.

पहिलं मत पुढच्यांना ओढतं

"माझं मत माझं असतं, आकडे बघून मी ठरवत नाही," असं प्रत्येकाला वाटतं. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बातम्यांवर चर्चा चालणाऱ्या एका संकेतस्थळावर संशोधकांनी एक लाखाहून जास्त प्रतिक्रियांपैकी काहींना, कुठल्या ते नाणेफेक करावी तसं ठरवून, सुरुवातीलाच एक खोटी पसंती दिली. फक्त एक. शेवटी त्या प्रतिक्रियांचे गुण इतरांपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त भरले. गंमत म्हणजे सुरुवातीला खोटी नापसंती दिली, तर पुढचे लोक ती बऱ्यापैकी दुरुस्त करत होते. फुगवलेलं कौतुक मात्र तसंच फुगत गेलं.

निर्माते पहिल्या काही तासांसाठी इतका जीव का टाकतात, याचं उत्तर इथे आहे. सुरुवातीच्या पन्नास मतांना पुढच्या पाच हजारांपेक्षा जास्त ओढ असते.

पण ओढ म्हणजे फसवणूकच असं नाही. ३० जून २०२३ ला आलेला केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आठवा. पहिल्या आठवड्यात त्याने सुमारे साडेबारा कोटी कमावले आणि दुसऱ्या आठवड्यात जवळपास दुप्पट. एरवी दुसऱ्या आठवड्यात गल्ला निम्म्यावर येणं ही नेहमीची गोष्ट. इथे भिशीचे ग्रुप, महिला मंडळं, ऑफिसातल्या मैत्रिणी साड्या नेसून, गॉगल लावून एकत्र जात होत्या आणि परत येऊन दुसऱ्या ग्रुपला पाठवत होत्या. त्या सगळ्या बायकांनी ॲपवर गुण दिले असतील असं मला वाटत नाही. त्यांचं रेटिंग म्हणजे 'आईला घेऊन जा' हा फोन. चित्रपटधंद्यात याला 'माउथ पब्लिसिटी' म्हणतात आणि कुठल्याही होर्डिंगपेक्षा निर्माते तिला जास्त मानतात, कारण ती विकत मिळत नाही.

"पण सगळं पेडच असतं ना?"

सगळं नाही. काही असतं आणि हा प्रकार यूट्यूबच्या आधीचा आहे. २००१ मध्ये अमेरिकेत उघडकीला आलं की सोनी कंपनीच्या काही सिनेमांच्या जाहिरातींत ज्यांची स्तुती छापली जात होती ते डेव्हिड मॅनिंग नावाचे समीक्षक जन्मालाच आलेले नव्हते. प्रचार विभागाने नाव बनवलं, त्याला एका खऱ्याखुऱ्या छोट्या वर्तमानपत्राचं नाव जोडलं आणि वाक्यं लिहून टाकली. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००५ मध्ये कंपनीने १५ लाख डॉलर मोजून तडजोड केली. त्यातून फसलेल्या प्रेक्षकांना तिकिटामागे पाच डॉलर परत मिळायचे होते.

भारतात खोट्या परीक्षणांसाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये एक मानक काढलं, आयएस १९०००:२०२२. मत देणाऱ्याची ओळख पडताळा, पैसे घेऊन लिहून घेतलेली मतं छापू नका, असं त्यात आहे. हॉटेल, मिक्सर, सिनेमा, सगळ्यांच्या ऑनलाइन मतांना ते लागू होऊ शकतं. मात्र ते ऐच्छिक आहे, आणि आपल्याकडे 'ऐच्छिक' चा अर्थ काय होतो ते वाचकांना सांगायला नको.

पैशाचा वास कसा ओळखायचा? माझी एक साधी कसोटी आहे. खऱ्या माणसाच्या मतात कुरकुर असते. "गाणी दोन कमी चालली असती", "हिरोची विग खटकते, पण शेवट जमलाय", "इंटरव्हलनंतर उचलतो". भाडोत्री मतात कुरकुर नसते, विशेषणं असतात, आणि तीच विशेषणं चार वेगवेगळ्या नावांखाली असतात.

पहिले दोन-तीन दिवस गप्प बसावं का?

हा वाद आता कोर्टात पोचला आहे. केरळमध्ये 'आरोमलिंटे आद्यत्ते प्रणयम' या मल्याळम चित्रपटाच्या दिग्दर्शकाने, सिनेमा पडद्यावर येताच होणाऱ्या ऑनलाइन हल्ल्यांविरुद्ध केरळ उच्च न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर २०२३ मध्ये हे प्रकरण गाजत असतानाच कोचीत पोलिसांनी अशाच एका तक्रारीवरून गुन्हाही नोंदवला. न्यायालयाला मदत करायला नेमलेल्या वकिलांनी, म्हणजे न्यायमित्रांनी, मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला आणि प्रदर्शनानंतरचे ४८ तास व्लॉगर्सनी परीक्षण करू नये असं सुचवलं. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये तमिळ निर्मात्यांची एक संघटना पहिल्या तीन दिवसांची बंदी मागत मद्रास उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने तशी बंदी तिथल्या तिथे घालायला नकार दिला.

निर्मात्यांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दोन वर्षांचं काम, कर्जाचे पैसे, आणि सिनेमा अर्धा झालेला नसताना कुणीतरी थिएटरमधूनच 'डब्बा' म्हणून टाकतो. पण तिकिटाचे पैसे पहिल्याच दिवशी पूर्ण घेतले जातात. तीन दिवस तोंड बंद ठेवायचं, तर त्या तीन दिवसांत जाहिरातीही बंद ठेवणार का? एका बाजूला कोट्यवधींचा प्रचार आणि दुसऱ्या बाजूला तीनशे रुपये दिलेल्या माणसाने मौन पाळायचं, हे मला पटत नाही.

सामान्य माणसाने सिनेमाला नावं ठेवली तर ती बदनामी होते का? यावर कायदा बराच स्पष्ट आहे. भारतीय दंड संहितेच्या ४९९ व्या कलमाला दहा अपवाद होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते ३५६ व्या कलमात आले आहेत. सहावा अपवाद सांगतो : एखाद्याने आपली कलाकृती लोकांच्या निवाड्यासाठी समोर ठेवली, तर तिच्या गुणदोषांबद्दल सद्भावनेने दिलेलं मत ही बदनामी नाही. कृतीतून जेवढं दिसतं तेवढं तिच्या कर्त्याबद्दल बोललं तरी चालतं. कायद्यातली दोन उदाहरणं पुस्तकाची आहेत. 'हे पुस्तक मूर्खपणाचं आहे, लेखक दुबळ्या बुद्धीचा असला पाहिजे' हे अपवादात बसतं. 'पुस्तक मूर्खपणाचं आणि अश्लील निघालं यात नवल नाही, कारण लेखक मुळातच दुबळा आणि व्यभिचारी माणूस आहे' हे बसत नाही. पहिल्या वाक्यात मत पुस्तकावरून आलंय, दुसऱ्यात माणसावरून. १८६० साली आखलेली ही रेघ आजच्या यूट्यूबवाल्यांनाही पुरते. 'अभिनय लाकडी आहे' म्हणा, 'बाप निर्माता म्हणून काम मिळालं आणि घरी असं असं वागतो' यात शिरू नका.

"मग ऐकायचं कुणाचं?"

आकडे टाकून द्यायची गरज नाही, ते वाचायची रीत बदलली तरी पुरे. आधी मतांची संख्या, मग जमलं तर मतांचा पसारा. आयएमडीबीवर रेटिंगवर बोट ठेवलं की १ ते १० चे खांब दिसतात. ७ आणि ८ चे खांब उंच असतील तर ७.५ म्हणजे खरंच साडेसात. १० आणि १ चेच खांब उंच असतील तर तो आकडा विसरा आणि सिनेमाचा विषय काय आहे ते बघा, भांडण तिथे आहे. पहिल्या दिवशीचे आकडे चाहत्यांचे, दुसऱ्या आठवड्यातले बऱ्यापैकी सगळ्यांचे.

"समीक्षकांना काय कळतं, पब्लिक काय म्हणते ते बघा," असं म्हणणारे असतात आणि याच्या बरोबर उलट म्हणणारेही. दोघांची कामं वेगळी आहेत. समीक्षकाने वर्षाला दोनशे सिनेमे पाहिलेले असतात, त्यामुळे नवं काय आणि उष्टं काय हे तो सांगू शकतो. पण सहा वर्षांचं पोर घाबरेल का, सासूबाईंना घेऊन जाण्यासारखा आहे का, तीन तास खुर्चीत बसवतील का, हे त्याला विचारून उपयोग नाही. ते सांगायला शेजारच्या वहिनीच लागतात.

तिसऱ्या मजल्यावरचे काकाही यात बसतात. 'पैसे फुकट गेले' यातून काही कळत नाही, पण 'ओटीटीवर बघा' यातून कळतं : सिनेमा वाईट नाही, तिकिटाच्या किमतीएवढा नाही. 'डोकं बाजूला ठेवून बघ' मध्ये टाइमपासची खात्री आणि तर्काची नाही. 'फर्स्ट हाफ स्लो आहे' म्हणणारा निदान सेकंड हाफपर्यंत बसलेला असतो. आणि काकांना गेल्या पाच वर्षांत जे जे आवडलं नाही ते तुम्हाला आवडलं असेल, तर काकांचा ग्रुप म्यूट करू नका. नेमाने उलट निघणारं मतही नेमाने बरोबर निघणाऱ्या मताइतकंच कामाचं असतं.

राहता राहिलं आपलं स्वतःचं मत. दोन लाख मतांच्या हिंदी सिनेमाला तुम्ही १० दिले काय आणि १ दिला काय, आकड्याला पत्ता लागत नाही. तीनशे मतांच्या मराठी सिनेमाला दहा जणांनी खरे खरे ६ दिले तरी दशांश हलतो. पुढच्या शुक्रवारी नवा सिनेमा आला की कुणाचे शो कापायचे, हे पहिल्या काही दिवसांच्या गल्ल्यावर ठरतं. तेव्हा आवडला असेल तर ग्रुपवर नुसता अंगठा टाकू नका. काय आवडलं आणि काय खटकलं, दोन ओळी लिहा, आणि रविवारच्या आत लिहा.